रेशमाचे घर आणि मजुरीचा दर

(गिरणगावातील एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गात मी एका घराविषयी बोलणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हे घर आहे लंडनच्या पूर्व भागातील स्पिटलफील्ड्स या जुन्या विणकरवस्तीत, फोल्गेट स्ट्रीटवर, क्रमांक १८. वास्तू सुमारे १७२४ सालची. डेनिस सेव्हर्स नावाच्या एका अमेरिकन तरुणाने १९७९ साली ती विकत घेतली, मेणबत्त्यांच्या उजेडात तो तेथे राहू लागला आणि तिच्या दहा खोल्यांत त्याने एक कुटुंब वसविले. जर्व्हिस हे त्या कुटुंबाचे नाव. फ्रान्समधून परागंदा झालेले, रेशमाच्या धंद्यातले घराणे. ते कधीच अस्तित्वात नव्हते! सेव्हर्स १९९९ साली वारला. घर आजही पाहता येते.

आत बोलावयाचे नाही, हा तिथला पहिला नियम. तळघरातील स्वयंपाकघरात विस्तव पेटलेला असतो, टेबलावर कोणी अर्धवट खाऊन टाकलेले अन्न असते. खुर्चीवर केसांचा टोप लटकतो आहे. जिन्यावर पावले वाजतात, पलीकडच्या खोलीतून कुजबुज येते. घरची माणसे आपली चाहूल लागताच उठून गेली असावीत, असा भास होतो. एका खोलीत होगार्थच्या चित्रातील मद्यपींची मैफल जशीच्या तशी मांडली आहे, उलथलेल्या खुर्चीसह. निजावयाच्या खोलीत लघवीचे भांडे आहे आणि ते रिकामे नाही. वर माळ्यावर गेले की चित्र पालटते. एकोणिसाव्या शतकातील दरिद्री भाडेकऱ्यांची ही जागा: ओल, कोळिष्टके, चिंध्यांची अंथरुणे, दोरीवर वाळत घातलेले कपडे.

मी टीका करण्याच्या तयारीनेच गेलो होतो, हे कबूल करतो. श्रीमंती नाटक असेल, अशी माझी समजूत होती. परंतु त्या घराने तासभर माझे तोंड खरोखरच बंद केले. आपल्याकडील संग्रहालयांत तलवारी फार आणि ताटवाट्या थोड्या. पुण्याचे केळकर संग्रहालय हा सन्मान्य अपवाद. गतकालातील माणूस जेवत होता, थुंकत होता, थंडीने कुडकुडत होता, हे त्या घरात नाकाला आणि कातडीला कळते.

तथापि खालच्या सुखवस्तू खोल्यांतून माळ्यावरच्या चिंध्यांपर्यंत आपण जिना चढून जातो आणि ती घसरण कशामुळे झाली, हे मात्र जिना सांगत नाही. ओल यावी तशी गरिबी आली, असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

१६८५ साली फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेण्यात आले आणि हे ह्यूगेनॉट विणकर मोठ्या संख्येने येथे आले. त्यांच्या कथेत आपणही आहोत. हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने, म्हणजे आपल्या चिटांनी, त्यांच्या पोटावर पाय आणला होता. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यांतून चिटांचे कपडे घातलेल्या स्त्रियांना गाठून ते अंगावरून फाडले. दोन वर्षांनी पार्लमेंटने ते कापड वापरण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. उपाशी विणकराचा राग त्या स्त्रियांवर आणि मच्छलीपट्टणच्या कारागिरावर निघाला; यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही.

पुढच्या पिढ्यांनी मात्र प्रतिपक्ष नेमका ओळखला. १७६० नंतरच्या दशकात मजुरी घसरू लागली, तेव्हा मजुरांनी गुप्त मंडळ्या बांधल्या, वर्गण्या गोळा केल्या आणि ठरल्या दराखाली जेथे काम चाले तेथे रात्री शिरून मागावरचे रेशीम कापून टाकले. सरकारने या कृत्याला फाशीची शिक्षा ठेवली. ६ डिसेंबर १७६९ रोजी जॉन डॉयल आणि जॉन व्हॅलिन या दोघांना बेथनल ग्रीन येथे, विणकरांच्याच वस्तीत, भर रस्त्यात फासावर चढविण्यात आले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहावे आणि धडा घ्यावा म्हणून. लोकांनी वेगळाच धडा घेतला. त्यांनी तो फाशीचा सांगाडा उपटला, क्रिस्पिन स्ट्रीटवर शॉव्हे या मालकाच्या घरासमोर नेऊन उभा केला आणि त्याच्या खिडक्या फोडल्या. फोल्गेट स्ट्रीटपासून ती जागा पायी काही मिनिटांवर आहे.

चार वर्षांनी, १७७३ साली, स्पिटलफील्ड्सचा कायदा झाला. रेशीम विणण्याचे दर न्यायदंडाधिकारी ठरवतील आणि मालकाने ते मोडले तर त्याला दंड होईल, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा पन्नास वर्षे टिकला. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांच्यासारखे लोक त्याच्याविरुद्ध उभे राहिले, विणकरांनी तो राखण्यासाठी अर्ज केले, आणि १८२४ साली तो रद्द झाला. १८२६ पासून परदेशी रेशमाला दारे उघडली. १८४९ साली पत्रकार हेन्री मेह्यू या वस्तीत हिंडला तेव्हा त्याला जे दैन्य दिसले, ते या क्रमाने आले होते. माळ्यावरच्या चिंध्यांना तारीख आहे, कायद्याचे कलम आहे.

आणखी एक गोष्ट तिथून बाहेर पडल्यावर डोक्यातून जाईना. सेव्हर्सने घर घेतले त्याच्या आदल्या वर्षी, ४ मे १९७८ रोजी, याच परिसरात आलतब अली हा पंचविशीचा बंगाली शिवणकामगार वंशद्वेष्ट्यांनी भोसकून मारला. हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. ब्रिक लेनवर १७४३ साली ह्यूगेनॉटांनी बांधलेले प्रार्थनामंदिर पुढे ज्यूंचे झाले आणि १९७६ पासून तेथे मशीद आहे. परागंदा माणसे आणि कापडाचा धंदा, दोन्ही तेथे चालूच होती. कल्पनेतल्या विणकराची मेणबत्ती लागत असताना खरा कामगार शेजारच्या गल्लीत शिवणयंत्रावर वाकलेला होता.

हे सारे मी या सभागृहात सांगतो आहे, कारण १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी काही जण, किंवा त्यांची मुले, येथे समोर बसली आहेत. उद्या आपल्याही चाळीतली एखादी खोली कोणी हुबेहूब सजवील. पितळी तांब्या ठेवील, भोंगा वाजवील, बोंबिलाचा वाससुद्धा सोडील. ते करणाऱ्याला मी हसणार नाही. सेव्हर्सची कल्पकता आपल्या स्मृतिदालनांत असती तर शाळेतली पोरे जांभया देत फिरली नसती. पण त्या खोलीत तीन पाळ्यांची माणसे आळीपाळीने का निजत होती, साचेखात्यात बदलीवाल्याला महिन्याकाठी किती दिवस काम मिळे, खानावळवालीची उधारी संपाच्या कोणत्या महिन्यात थांबली, हे खोली आपण होऊन सांगणार नाही. ते कागदावर असते, आणि कागद सध्या आपल्या घरच्या ट्रंकांत आहेत. इमारत पाडताना ट्रंका भंगारात जातात, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून पुढच्या वर्गाला येताना ज्याच्याजवळ पगाराची चिठ्ठी, बदलीचा पास, संपकाळातले पत्रक किंवा खानावळीची वही असेल, त्याने ती घेऊन यावी. ज्यांची आई खानावळ चालवीत होती त्यांनी आईलाच घेऊन यावे. तिचे बोलणे आपण टिपून घेऊ. मूळ कागद कोणाचाही ठेवून घेतला जाणार नाही. छायाप्रत काढून तो त्याच संध्याकाळी परत मिळेल.