भाड्यासाठीं घर घेतांना

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें जुने लोक म्हणत. या म्हणींत घर बांधणाऱ्याची दमछाक आहे. पण जें घर स्वतःच्या वस्तीसाठीं नव्हे, तर दुसऱ्यास भाड्यानें देण्यासाठीं घ्यावयाचें, त्याविषयीं म्हण कांहींच बोलत नाहीं. तो व्यवहार पूर्वीं थोड्या सधन लोकांपुरता होता. आज नोकरींतून निवृत्त झालेला साधा गृहस्थही भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं पडतांच एखादें घर घेऊन त्याच्या भाड्यावर म्हातारपण काढण्याचा बेत करतो. बेत वाईट नाहीं. परंतु आयुष्यभराची शिल्लक त्यांत एकाच ठिकाणीं गुंतते, आणि साठीनंतर झालेली चूक निस्तरावयास वेळ उरत नाहीं. सबब या विषयाचा विचार एखादें गांव डोळ्यांसमोर ठेवून, आंकडे मांडून करणें हिताचें.

त्यासाठीं पन्हाळा घेण्यासारखा आहे. कोल्हापुराच्या वायव्येस सुमारें वीस किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर हा गड वसलेला आहे. शिलाहारांपासून मराठ्यांपर्यंत अनेकांनीं तो नांदविला. कोल्हापूर राज्याची राजधानी १७८२ पर्यंत येथेंच होती. आज वस्ती तीन हजारांच्या आसपास, तरी गांवाला नगरपरिषद आहे, तालुक्याची कचेरी आहे, शाळा आहेत, आणि थंड हवेसाठीं येणाऱ्यांची वर्दळ आहे. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत पन्हाळाही आहे. असा मान लाभला कीं, ‘आतां किंमती वाढणार, आजच घ्या’ असें सांगणारे दलालही भेटूं लागतात. नेमक्या अशा वेळींच गिऱ्हाइकानें पाय जरा मागें ठेवावा.

समजा, एक निवृत्त गृहस्थ सपत्नीक मे महिन्यांत गडावर आले. वारा गार आहे, खिडकींतून खोल दरी दिसते आहे, बंगलीचा मालक चहा देतो आहे. गृहस्थ मनांतल्या मनांत इसाराची रक्कम मोजूं लागतात. तोंच पत्नी हळूच विचारते, “अहो, पण श्रावणांत इथं कोण राहील?” या एका प्रश्नांत भाड्याच्या घराचें अर्धें शास्त्र आलें. दुरून डोंगर साजरे, ही म्हण घर घेणाऱ्यानें खिशांत ठेवून फिरावें. जें घर मे महिन्यांत आवडलें, तें जुलैंत पुन्हां पाहावें. भिंतींना ओल किती चढते, छपरांतून पाणी कोठें उतरतें, कपडे वाळतात कीं नाहीं, वीज किती वेळ जाते, मोटार दारापर्यंत येते कीं नाहीं, हें सारें तेव्हांच कळतें. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला व वाहनांची वाट बंद पडली, हें अजून कोणी विसरलेलें नाहीं. पायथ्याच्या शहरांतही तोच नियम लागू आहे. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनीं कोल्हापुरांतील कोणत्या गल्लींत पाणी कोठवर आलें होतें, तें शेजाऱ्यास विचारावें. आणि नदीकांठची जागा असेल, तर ती निळ्या व लाल पूररेषेच्या आंत आहे कीं बाहेर, तें नकाशावर पाहून घ्यावें.

दुसरा प्रश्न भाडेकरूचा. घर आधीं घेऊन भाडेकरू मागून शोधणें म्हणजे टोपी विकत घेऊन मग डोकें शोधणें होय. पन्हाळ्यास भाडेकरू मुख्यतः दोन प्रकारचे. एक, कचेरींतील नोकरदार व शिक्षक: यांचें भाडें बेताचें, पण तें बाराही महिने येतें. दुसरे, शनिवार-रविवारचे प्रवासी: यांचा एका रात्रीचा दर मोठा दिसतो, पण पावसाळ्याच्या मधल्या वारीं खोल्या रिकाम्या राहतात. प्रवाशांस खोल्या देणें हें खरें तर घरभाडें नव्हेच. तो धंदा आहे. त्यास परवाने लागतात, नोकर लागतो, रोज चादरी धुवाव्या लागतात, घरपट्टीचा व विजेचा दरही निराळा पडूं शकतो. ज्यास तो धंदा अंगमेहनतीनें करावयाचा असेल त्यानें अवश्य करावा. परंतु पुण्यामुंबईस बसून पन्हाळ्याची खानावळ चालविण्याची आशा धरूं नये. कोल्हापुरांत तिसरा वर्ग आहे, तो विद्यार्थ्यांचा. शाहू महाराजांनीं १९०१ मध्यें मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें आणि मागाहून इतर समाजांच्या वसतिगृहांनाही आश्रय दिला. १९६२ मध्यें तेथें शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. शिकावयास येणाऱ्यांना खोली देण्याची त्या शहराची परंपरा जुनी आहे, आणि तेथील भाड्याचा झरा गडावरील झऱ्यापेक्षां सहसा कमी आटतो.

आतां हिशेब. आंकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत; श्रोत्यांनीं त्यांच्या जागीं आपापले घालावेत. घराची किंमत चाळीस लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील व किरकोळ दुरुस्ती यांसाठीं आणखी चार लाख. एकूण चव्वेचाळीस. भाडें दरमहा १२,०००, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. एक महिना घर रिकामें धरल्यास १२,००० वजा. घरपट्टी, रंग, नळ, छप्पर यांसाठीं २४,००० वजा. हातीं राहिले १,०८,०००, म्हणजे शेंकडा अडीचही नाहीं. त्यांतही पंचवीस लाख कर्जाऊ काढले, व्याज शेंकडा साडेआठ आणि मुदत वीस वर्षांची धरली, तर मासिक हप्ता सुमारें २१,७०० पडतो. भाड्यांतून निव्वळ उरतात दरमहा ९,०००. उरलेले बारा-तेरा हजार दर महिन्यास निवृत्तिवेतनांतून भरावे लागतील. असें घर मालकास पोसत नाहीं. मालकच घरास पोसतो.

त्याच गांवांत बावीस लाखांचें लहान घर ९,००० भाड्यानें जात असेल, तर त्याचा हिशेब असा: खर्चासह चोवीस लाख वीस हजार, वर्षाचें भाडें १,०८,०००, एका महिन्याचे ९,००० आणि दुरुस्ती व पट्टीचे १८,००० वजा जातां उरले ८१,०००, म्हणजे शेंकडा सव्वातीनहून थोडे अधिक. लहान घर दिसावयास साधें, पण परताव्यांत बहुधा सरस ठरतें. किंमत पुढें वाढेल, ही आशा वेगळ्या रकान्यांत लिहावी. तिच्यावर हप्ता भरतां येत नाहीं. प्राप्तिकराचा हिशेब करतांना भरलेली घरपट्टी वजा होते व उरलेल्या भाड्यांतून शेंकडा तीस दुरुस्तीपोटीं सोडले जातात, हेंही ध्यानांत असावें.

हिशेब जुळला तरी कागद पाहिल्यावांचून इसार देऊं नये. मिळकतपत्रिका किंवा सातबारा, फेरफार, कर्जाचा बोजा, आणि वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध, एवढें पाहिलेंच पाहिजे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर विक्रीस सरकारी परवानगी लागते. शेतजमीन महाराष्ट्रांत बिगर-शेतकऱ्यास परवानगीवांचून घेतां येत नाहीं. सबब ‘पुढें अकृषिक करून देतों’ या शब्दावर पैसे मोजूं नयेत. पन्हाळ्यास आणखी एक गोष्ट आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० मध्यें झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरांत नवें बांधकाम करतां येत नाहीं, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी घ्यावी लागते. ‘वर एक मजला चढवूं’ असा मनसुबा करून जुनी वास्तु घेणाऱ्यानें आधीं हें अंतर मोजावें. वास्तु पाहून नुसती दुरुस्ती करावयाची म्हटली तरी अर्ज करावा लागतो.

भाडेकरू ठेवतांना करार लेखी करावा व नोंदवावा. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रांत चुकीचा आहे. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाप्रमाणें नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं होऊं शकतात. आणि वाद उत्पन्न झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचें म्हणणेंच खरें धरलें जातें. ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला, असें म्हणणारा मालक ओळख आणि घर दोन्हीं धोक्यांत घालतो.

एकाचीं दोन घरें कशीं करावीं, हें पन्हाळ्याचें अंबरखानाच शिकवितें. गंगा, यमुना व सरस्वती या नांवांचीं तीन प्रचंड धान्यकोठारें तेथें अजून उभीं आहेत. वेढा पडल्यावर धान्य भरतां येत नाहीं. तें आधींच सांठवावें लागतें. घरमालकाचें कोठार म्हणजे निदान सहा महिन्यांचा हप्ता व एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम बँकेंत निराळी असणें. हें कोठार भरलेलें, पहिल्या घराचें कर्ज बहुतेक फिटलेलें, आणि दोन-तीन पावसाळे भाडें न चुकतां आलेलें, असें झालें कीं मगच दुसरें घर पाहावें. तेंही त्याच उतारावर, त्याच प्रकारच्या भाडेकरूसाठीं घेऊं नये. गडावर एक असेल तर दुसरें शहरांत असावें, म्हणजे एका रस्त्याच्या खचण्यानें दोन्हीं दारें बंद होत नाहींत. पहिलें घर तारण ठेवून दुसरें, दुसरें तारण ठेवून तिसरें, ही चढण चढतांना सोपी वाटते. पण एक भाडेकरू गेला कीं सगळी माळ ओढली जाते.

शेवटीं एक साधी गोष्ट. भाड्याचें उत्पन्न भिंती देत नाहींत, त्यांत राहणारीं माणसें देतात. गळकें छप्पर मृगापूर्वीं शाकारून देणारा, अनामत रक्कम वेळेवर परत करणारा, भाडेवाढ आधीं सांगून बेतानें करणारा मालक असला, कीं चांगला भाडेकरू वर्षानुवर्षें टिकतो. आणि घर रिकामें न राहणें याहून मोठा नफा या व्यवहारांत नाहीं. त्या मे महिन्याच्या दुपारीं पत्नीनें विचारलेल्या प्रश्नास ज्या गृहस्थाजवळ उत्तर असेल, त्यानें खुशाल इसार द्यावा. ज्याच्याजवळ नसेल, त्यानें चहाबद्दल आभार मानावे, दरीचें दृश्य डोळे भरून पाहावें, आणि शिल्लक तूर्त बँकेंतच राहूं द्यावी.