प्लास्टरचे हेलपाटे

मे महिन्यात पोरं आंबा-जांभळाच्या झाडावर चढतात आणि पावसात पाखाडीच्या पायऱ्या निसरड्या होतात. पोर पडतं, हात मोडतो, प्लास्टर घालून घरी येतं. चार दिवसांत पुन्हा दवाखाना, कारण प्लास्टर भिजलं किंवा फुटलं. मंडणगडाहून किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतून रत्नागिरी गाठायची तर अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते. यातले बरेच हेलपाटे टाळता येतात. काही खेपा मात्र मुळीच टाळायच्या नसतात. दोन्ही कशा ओळखायच्या, ते आज आम्ही सांगणार आहोत.

दवाखान्यातून निघण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. पुढची तारीख कोणती? प्लास्टर किती आठवडे ठेवायचं? दुखलं तर कोणतं औषध, किती द्यायचं? अडचण आली तर फोन कुठे करायचा? उत्तरं केसपेपरवरच लिहून मागा. विचारायला लाजू नका.

आता घरची काळजी. साधं पांढरं प्लास्टर पुरतं वाळायला एक-दोन दिवस लागतात. तोवर ते उशीवर ठेवा, कडक कडेवर टेकवू नका. चुलीजवळ धरून वाळवू नका, पोर भाजेल. पहिले दोन-तीन दिवस हात किंवा पाय उशीवर उंच ठेवा, म्हणजे सूज कमी राहते. बोटं हलवायला सांगा. अंघोळीच्या वेळी प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि तो भाग पाण्याबाहेर ठेवा. फायबरचं प्लास्टर वरून भिजून बिघडत नाही, पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी खराब होते. खाज आली तर सुई, पेन्सिल, काडी आत घालू नका. आत जखम झाली तरी दिसत नाही. तेल किंवा पावडरही आत टाकू नका.

एवढं करूनही प्लास्टर भिजून मऊ पडलं, तडकलं किंवा सैल झालं, तर दवाखान्यात फोन करून विचारा. पुढच्या तारखेपर्यंत तसंच ठेवू नका.

आता लगेच निघायची वेळ कधी? औषध देऊन, हात उंच ठेवूनही दुखणं वाढतच गेलं. बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली. मुंग्या आल्या, बधिर झाली, हलेनात. बोटं हलक्या हाताने सरळ करताना पोर कळवळून रडलं, तर सकाळची वाट पाहू नका. आत सूज दाटून रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. १०८ ला फोन करा, जवळचं रुग्णालय गाठा. ताप, घाण वास किंवा प्लास्टरमधून पाणी आलं, तर त्याच दिवशी दाखवा. हाड बसवायला हाडवैद्याकडून घट्ट पट्टी बांधून घेतली तरी हाच धोका असतो. चोळणं तर नकोच.

ठरलेली तारीखही चुकवू नका. मुलांचं हाड लवकर जुळतं. ते सरकलं असेल आणि उशिरा कळलं, तर वाकडंच जुळतं.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांचंही सांगतो. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करतात. प्लास्टर खाली घसरून बाळाची बोटं आत गेली, तर लगेच दाखवा. पुढे पट्टीने जोडलेले बूट येतात. पहिले तीन महिने ते दिवसात २३ तास, मग ४-५ वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे असतात. बाळ रडतं म्हणून, किंवा पाय सरळ दिसतो म्हणून सासूबाई बूट काढायला सांगतात, आणि पाय पुन्हा वळतो. मग सगळे प्लास्टर पहिल्यापासून! बूट रुतत असेल तर तो सोडून देऊ नका, बदलून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या बाळांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा.

गटाच्या पुढच्या सभेत एवढंच करा. वाडीत कोणाच्या घरी प्लास्टरचं पोर आहे, ते विचारा आणि दोघींनी जाऊन त्याची बोटं बघून या. एकट्या आईला रात्री निर्णय घेणं जड जातं. शेजारीण सोबत असली की पाऊल उचलतं.