डेटाबेसचा परवाना आणि संस्थेची पत

(परळी वैजनाथ येथे सहकारी बँका, पतसंस्था व शिक्षणसंस्था यांचे संचालक आणि कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



वैद्यनाथाच्या या नगरीत हिशेबाविषयी बोलायचे, तर अहिल्यादेवींचे स्मरण करूनच प्रारंभ केला पाहिजे. येथील मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला. देशभर घाट, धर्मशाळा आणि मंदिरे उभारणाऱ्या या राज्यकर्तीने एक पथ्य कटाक्षाने पाळले. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन स्वतंत्र हिशेब होते. धर्मकार्याचा खर्च खासगीतून होई. राज्याच्या तिजोरीला त्याची तोशीस लागत नसे. स्वतःचे कोणते आणि लोकांचे कोणते, हे त्यांनी कधी एकमेकांत मिसळू दिले नाही.

आजचा विषय वरवर पाहता संगणकाचा आहे. मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. संगणकातील यंत्रविद्या मी तुम्हांला शिकवणार नाही. परंतु या विषयाच्या मुळाशी प्रश्न तोच आहे : आपल्या संस्थेने घेतले किती आणि संस्था वापरते किती?

एकेकाळी बँकेचा जीव खतावणीत असे. आज तो डेटाबेस नावाच्या प्रणालीत असतो. ठेवीदाराची शिल्लक, कर्जदाराचा हप्ता, तारण सोन्याची नोंद हे सारे तेथेच. ही प्रणाली बहुधा ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट किंवा आयबीएम यांसारख्या कंपनीची असते आणि ती वापरण्याचा परवाना घ्यावा लागतो. आपण परवान्यानुसार वापर करतो की नाही, हे तपासण्याचा अधिकार कंपनीने करारातच राखून ठेवलेला असतो. ओरॅकलच्या प्रचलित करारात पंचेचाळीस दिवसांची लेखी सूचना देऊन अशी तपासणी करता येते आणि निघालेली तफावत तीस दिवसांत भरावी लागते. ही रक्कम कोणाच्या खिशातून जाते? संचालकाच्या नव्हे, व्यवस्थापकाच्याही नव्हे. ती ठेवीदाराच्या आणि सभासदाच्या पैशातून जाते. ठेव अडकली म्हणजे घरादाराची काय अवस्था होते, हे बीड जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. त्याची कारणे निराळी होती; पण ठेवीदाराचा विश्वास ही किती नाजूक वस्तू आहे, हे या जिल्ह्याला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही.

परवाना म्हणजे मालकी नव्हे

आपण सॉफ्टवेअर ‘विकत घेतले’ असे म्हणतो, तेथेच पहिला गैरसमज होतो. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या प्रकरणात निकाल दिला. खटला प्राप्तिकराचा होता. परंतु त्यात एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रत घेणाऱ्याला त्या प्रणालीचा स्वामित्वहक्क मिळत नाही. करारात घातलेल्या मर्यादेत ती वापरण्याची मुभा तेवढी मिळते. शेत खंडाने घ्यावे, तसे हे आहे. पेरणी आपली, पीक आपले; पण बांध सरकवण्याचा अधिकार आपला नाही.

या बांधाला कायद्याचे संरक्षण आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३ ब हे कलम आले. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसेल, तर न्यायालय कारावास टाळू शकते. अर्थात आपल्यासारख्या संस्थांचा प्रश्न क्वचितच चोरीचा असतो. तो बेहिशेबीपणाचा असतो.

कुलूप नसलेले कोठार

हा बेहिशेबीपणा घडतो कसा? ओरॅकलचेच उदाहरण घेऊ. एंटरप्राइझ आवृत्ती बसवली, की तिच्यासोबत अनेक जोडसुविधाही संगणकावर येतात. त्यांतील काहींचे मोल वेगळे द्यायचे असते. पण त्यांना कुलूप नसते. प्रणाली मंद झाली म्हणून बाहेरचा तंत्रज्ञ येतो, कारण शोधण्यासाठी एक अहवाल काढतो, काम करून निघून जातो. तो अहवाल ‘डायग्नोस्टिक्स पॅक’ या स्वतंत्र परवान्याच्या सुविधेत मोडतो, हे संस्थेच्या गावीही नसते. डेटाबेसच्या पोटात मात्र एक चित्रगुप्त बसलेला आहे. कोणती सुविधा प्रथम केव्हा वापरली, शेवटी केव्हा वापरली आणि किती वेळा आढळली, हे तो टिपून ठेवतो. तपासणीला येणारा माणूस प्रथम त्याचीच वही उघडतो.

त्याहून मोठा घोळ आवृत्तीचा. प्रणाली बसवताना एका पडद्यावर विचारले जाते : एंटरप्राइझ की स्टँडर्ड? परवाना स्टँडर्डचा आहे आणि बसवणाऱ्याने सवयीने एंटरप्राइझवर बोट ठेवले, तर काय होते? दोन प्रोसेसरचा एक साधा सर्व्हर घेऊ. प्रत्येकात सोळा कोअर, म्हणजे एकूण बत्तीस. स्टँडर्ड आवृत्तीत प्रोसेसरचे खाचे मोजतात. जाहीर दर प्रत्येकी १७,५०० डॉलर. दोहोंचे ३५,००० डॉलर, म्हणजे तीस लाख रुपयांच्या आसपास. एंटरप्राइझमध्ये कोअर मोजतात. इंटेलच्या प्रोसेसरला अर्धा गुणक लावला, की बत्तीसाचे सोळा परवाने होतात. जाहीर दर प्रत्येकी ४७,५०० डॉलर. एकूण ७,६०,००० डॉलर, म्हणजे सहा कोटी रुपयांहून अधिक! वर दरसाल बावीस टक्के देखभाल शुल्क. प्रत्यक्षात सवलत मिळते, हे खरे. पण यंत्र तेच, काम तेच आणि एका बोटाच्या चुकीने देणे वीसपटीहून अधिक वाढते.

माणसांच्या संख्येवर परवाना घेतला, तरी बचाव होत नाही. एंटरप्राइझमध्ये प्रत्येक प्रोसेसर-परवान्यामागे किमान पंचवीस वापरकर्ते धरावे लागतात. वरच्या उदाहरणात बँकेत तीसच कर्मचारी असले, तरी चारशेंचे पैसे पडतात. शिवाय माणसाविना चालणारी यंत्रेही मोजली जातात आणि मधे दुसरी प्रणाली असली, तरी पलीकडचा शेवटचा माणूसच धरला जातो. ब्रिटनमध्ये सॅप कंपनीने डियाजिओ या मद्यउद्योगावर याच मुद्द्यावरून पाच कोटी पौंडांहून अधिक रकमेचा दावा लावला. दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीतून आत येणारे ग्राहक आणि विक्रेते हेही वापरकर्तेच, असे तिचे म्हणणे होते. दायित्वाच्या मुख्य प्रश्नावर फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सॅपच्या बाजूने कौल दिला.

आणखी दोन खाचखळगे सांगतो. आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र ठेवणे शहाणपणाचे आहे. बॅकअपची प्रत कपाटात ठेवण्याला कायद्याची हरकत नाही. पण पर्यायी सर्व्हरवर डेटाबेस बसवून मूळ केंद्राशी सतत जुळता ठेवला असेल, तर ओरॅकल त्याचाही पूर्ण परवाना मागते. दुसरा खळगा आभासी सर्व्हरचा. व्हीएमवेअरसारख्या प्रणालीने मोठ्या यंत्रसमूहाचा लहान तुकडा डेटाबेसला दिला, तरी कंपनी सगळा समूह मोजू पाहते. मार्स या चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीने याच वादात २०१५ साली अमेरिकेत ओरॅकलविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले आणि पुढे प्रकरण आपसांत मिटले. लक्षात ठेवण्याजोगे हे, की ओरॅकलच्या ज्या धोरणपत्रावर ही मोजणी उभी आहे, ते माहितीपर असून कराराचा भाग नाही, असे त्या पत्रावरच छापलेले असते. बांधतो तो करार. तो वाचलेला माणूस संस्थेत असला पाहिजे.

पत्र येण्यापूर्वी

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. यंत्रे आणि सॉफ्टवेअर यांची अद्ययावत नोंदवही ठेवा आणि मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरची यादी ठेवा, हे तीत स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे ज्या वहीने परवान्याची तपासणी सुकर होते, ती वही सुरक्षेसाठी बँकेला तशीही ठेवायचीच आहे. एकच वही दोन्ही कामे करते.

या वहीत काय असावे? प्रत्येक सर्व्हर, त्यातील प्रोसेसर आणि कोअर. त्यावरील डेटाबेसची आवृत्ती. चित्रगुप्ताच्या वहीचा दर तिमाहीचा उतारा. आणि समोरच्या रकान्यात खरेदीपत्र, करार व देखभालीची पावती. दोन रकाने जुळले पाहिजेत. चाचणीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी बसवलेला डेटाबेसही वहीत हवा, कारण विसरलेले यंत्रच पुढे महाग पडते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न : परवाना कोणाच्या नावावर आहे? अनेक संस्था बँकिंगची प्रणाली एका पुरवठादाराकडून घेतात आणि डेटाबेस तिच्यासोबत येतो. असा परवाना त्या एकाच प्रणालीपुरता मर्यादित असू शकतो. त्याच डेटाबेसवर आपल्या हुशार मुलाने हजेरीपट चालवला, तर मर्यादा ओलांडली जाते. पुरवठादाराकडून हे लेखी घ्या. दोन संस्थांचे विलीनीकरण झाले, तर परवाना आपोआप नव्या नावावर जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

पत्र आल्यावर

पत्र आले, की पहिली प्रतिक्रिया भीतीची असते, दुसरी लपवालपवीची. दोन्ही टाळा. घाईने सुविधा पुसणे, नोंदी मिटवणे हा अप्रामाणिकपणा तर आहेच. पण पूर्वीचा वापर त्याने नाहीसाही होत नाही. करार काढून वाचा. तपासणीचा अधिकार किती, कोणत्या यंत्रांपुरता, हे पाहा. संस्थेच्या वतीने एकाच व्यक्तीने बोलावे आणि सारे लेखी असावे. कंपनीने दिलेली मोजणीची आज्ञावली आधी आपल्या माणसाने समजून घ्यावी, निष्कर्ष आपण स्वतः तपासावा आणि मगच द्यावा. ग्राहकांची माहिती बाहेर जाणार नाही, असे गोपनीयतेचे लेखी बंधन घ्या. तफावत खरी असेल तर ती मान्य करा. पण ‘हे नवे उत्पादन घ्या, जुने विसरू’ अशा घाईच्या सौद्यावर संचालक मंडळाच्या ठरावाविना सही करू नका. शेवटी तपासणी पूर्ण झाल्याचे पत्र मागून घ्या.

स्वदेशीचा खरा अर्थ

‘परदेशी बड्या कंपनीचे वापरले, त्यात काय बिघडले?’ असे म्हणणारे आपल्यातही आहेत. बंधूंनो, उचलेगिरी म्हणजे स्वदेशी नव्हे. परावलंबन नको असेल, तर पर्याय खुला आहे. पोस्टग्रेएसक्यूएल ही प्रणाली मुक्त स्रोतातील आहे. तिला परवाना शुल्क नाही आणि कोअर मोजायला कोणी येत नाही. तिच्यावर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात आहे, म्हणजे मराठी तरुण या क्षेत्रात घडत आहेत. २०१५ साली केंद्र सरकारनेही शासकीय प्रणालींमध्ये मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. स्थलांतर, चाचणी आणि जाणती माणसे यांवर पैसा लागतो. तो पैसा आपल्या माणसांच्या कौशल्यात जातो, एवढा फरक. पुढच्या वेळी निविदा काढताना हा पर्याय चर्चेत तरी आणा.

परळीत १९७१ साली औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून मापकावर चालणारी वस्तू काय असते, हे या गावाला ठाऊक आहे. वीज दिसत नाही, पण तिचा एकेक युनिट मोजला जातो. सॉफ्टवेअरही दिसत नाही. त्याचा मापक मात्र आपल्या भिंतीवर नसतो. तो आपणच बसवायचा आणि आपणच वाचायचा असतो. म्हणून माझी एकच विनंती आहे. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘सॉफ्टवेअर परवान्यांचा आढावा’ हा विषय घ्या, त्यासाठी एका संचालकाचे नाव निश्चित करा आणि तीन महिन्यांत ती वही सभेपुढे ठेवायला सांगा. संगणक विभागातल्या मुलावर हे सोडून देऊ नका. ठेवीदाराने पैसा त्याच्याकडे पाहून ठेवलेला नाही. तो तुमच्याकडे पाहून ठेवला आहे.