आठवड्यातले तीन तास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'नोकरी आणि घर सांभाळून खेळ'. मी त्यांना म्हटले, मला बोलता येईल ते एकाच खेळाविषयी, आणि त्याचे नाव घेतानाच जीभ अडखळते. त्या म्हणाल्या, "खेळाचे थोडक्यात सांगा हो, वेळ कसा काढलात ते नीट सांगा." तेव्हा आज मुख्यतः वेळेचाच जमाखर्च मांडणार आहे.

खेळाचे नाव ओरिएंटियरिंग. हातात रानाचा बारीक तपशिलाचा नकाशा, त्याच हाताच्या अंगठ्याला बांधलेले होकायंत्र, आणि नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी दाखवलेली ठिकाणे. त्या प्रत्येक ठिकाणी रानात एक नारिंगी-पांढरे निशाण टांगलेले असते. ती सगळी क्रमाने गाठायची. एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे कसे जायचे, टेकडी चढून की वळसा घालून, हे सांगणारे कुणी नसते. जी लवकर परत येईल ती जिंकली. त्या ठिकाणांना मी ठाणी म्हणते. आपल्या गाडीला लागते ते ठाणे नव्हे, तेवढे लक्षात ठेवा.

खेळ मूळचा स्वीडन-नॉर्वेकडचा. १८८६ च्या सुमारास स्वीडनच्या लष्करी शिक्षणात हा शब्द आला, १८९७ साली नॉर्वेत साध्या नागरिकांसाठी पहिली शर्यत झाली, आणि १९१९ मध्ये एर्न्स्ट किलांडर ह्या मेजरसाहेबांनी स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवून तरुणांना त्याची गोडी लावली. आंतरराष्ट्रीय संघटना १९६१ ची. पहिली जागतिक स्पर्धा १९६६ साली फिनलंडमध्ये झाली आणि तिच्यात पहिल्यापासून स्त्रियांची शर्यत होती, हे मुद्दाम सांगते.

२०१३ ते २०२१ अशी आठ वर्षे आमचे बिऱ्हाड स्टॉकहोमच्या दक्षिणेला हुडिंगे ह्या उपनगरात होते. आम्हां दोघांनाही नोकरी, मुलगा लहान. कामवाली बाई तिकडे नाहीच म्हणा ना. भांडी, केर, कपडे, पोळ्या सगळे घरच्यांनी करायचे. सकाळी मुलाला शाळेत पोचवायचे, लोकलने शहरात जायचे, संध्याकाळी परत. ऑफिसातल्या एका बाईंनी मला एका रविवारी ह्या खेळाला नेले आणि मी तिथे अडकले. तिकडे कुणाच्याही रानातून नुकसान न करता हिंडण्याचा हक्क सर्वांना आहे, घराच्या मागे पाच मिनिटांवर रान, आणि क्लबाची वर्गणीही झेपण्यासारखी. अडचण एकच, वेळ.

मी एकदा कागद घेऊन बसले आणि सोमवार ते शुक्रवार किती वेळ खरोखर माझा आहे ते मांडले. दोन दिवस जेवणाच्या सुटीतला अर्धा-अर्धा तास, आणि बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ. एकूण तीन तास. बाकीचा वेळ कुणाच्या ना कुणाच्या नावे आधीच लिहिलेला. बायकांच्या वेळेला सातबारा नसतो, त्यामुळे त्यावर कुणीही कुंपण घालते.

आता तीन तासांत करायचे काय? सगळे सांगत, धावा, जितके जमेल तितके धावा. मी दुसरा हिशेब केला. समजा ठाण्यांमधले सरळ अंतर मिळून पाच किलोमीटर भरले. माझ्यासारखीला रानातून किलोमीटरला दहा मिनिटे, म्हणजे पन्नास मिनिटे लागतात. धावण्यात विसावा हिस्सा सुधारणा करायला मला अनेक महिने लागतील आणि त्यातून वाचतील अडीच मिनिटे. पण एक ठाणे हुकले, की शोधण्यात पाच मिनिटे सहज जातात. जिच्याजवळ वेळ थोडा, तिने तो पायांवर आधी खर्च करावा की डोक्यावर? शिवाय पायांना सलग वेळ लागतो. डोक्याचे तसे नाही. दाणे सोलता सोलता होतात अशी कितीतरी कामे ह्या खेळात आहेत, आणि हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा स्वयंपाकघराने अधिक शिकवले.

पहिले काम नकाशाचे वाचन. क्लबाच्या कपाटात जुन्या शर्यतींचे नकाशे ढिगाने पडलेले असत. मी रोज एक पर्समध्ये टाकी. रानाच्या नकाशाचे प्रमाण बहुधा एकास दहा हजार, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर, आणि समोच्च रेषा दर पाच मीटर उंचीला. पांढरा रंग म्हणजे धावता येईल असे रान, पिवळा म्हणजे मोकळी जागा, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. तपकिरी रेषा वाचून डोळ्यांसमोर टेकडी उभी राहणे हीच खरी विद्या. गाडीत बसायला मिळो न मिळो, दोन स्टेशनांच्या दरम्यान दोन ठाण्यांमधला मार्ग मी ठरवी आणि मनातल्या मनात चालून येई. उजवीकडे दलदल लागेल, मग एक सोंड उतरेल, सोंडेच्या टोकाशी मोठा खडक, तिथे थांबून मगच ठाण्याकडे वळायचे. ठाण्याच्या अलीकडची अशी एक न चुकणारी खूण आधी धरायची, हा नियम हाडीमाशी मुरला तो गाडीत उभ्या उभ्या.

दुसरे काम चित्रलिपीचे. ठाणे नेमके कुठे आहे, खडकाच्या पूर्वेला की खळग्यात, हे चिन्हांच्या तक्त्यात दिलेले असते. तो तक्ता मी ओट्याच्या वर चिकटवला होता. एक पोळी, एक चिन्ह. तिसरे काम मुलाने माझ्याकडून करवून घेतले. तो नकाशाचा तुकडा दहा सेकंद दाखवी आणि झाकी. मी आठवून कागदावर काढायचे. मग तो मास्तरांच्या आवाजात गुण देई. दहापैकी चार मिळाले की त्याचा आनंद बघण्यासारखा!

चौथे काम स्टेशनाच्या वाटेवरचे. रानात अंतर मोजतात ते पावलांनी, डावा पाय टेकेल तेव्हा एक. दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर माहीत करून घेऊन मी रोज मोजत जाई. रस्त्यावर शंभर मीटरला माझी चव्वेचाळीस जोडपावले होत, रानात पंचावन्न. हा आकडा प्रत्येकीचा वेगळा, उसना घेऊन चालत नाही.

आता त्या तीन तासांकडे येते. जेवणाच्या सुटीत मी धावत असे, पण हातात नकाशा घेऊन. दोन मिनिटे दम लागेल इतके जोरात धावायचे, आणि छाती धपापत असतानाच नकाशावरच्या पुढच्या टप्प्याला डावीकडून जायचे की उजवीकडून ते ठरवायचे. असे सहा वेळा. घरी पंख्याखाली बसून अचूक उत्तर देणारी बाई धाप लागल्यावर अगदी सोप्या ठिकाणी गोंधळते, कारण दमलेल्या शरीराला विचार करण्याचा कंटाळा येतो. डोक्याला आणि पायांना एकत्र जुंपण्याची सवय हवी, आणि तिला अर्धा तास पुरतो. डबा मग टेबलाशी बसून खायचा.

बुधवार रानाचा. डिसेंबरात तिकडे दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळाभर हा सराव कपाळाला दिवा बांधूनच करायचा. ठाण्याला चमकती पट्टी लावलेली असते, ती उजेडात एकदम डोळा मारल्यासारखी लखलखते. एका बुधवारी केवळ समोच्च रेषा छापलेला नकाशा देत, ना वाट, ना ओढा. दुसऱ्या बुधवारी केवळ होकायंत्रावर जायचे. दोन तासांतला सव्वा तास रानात, उरलेला जाण्यायेण्याचा.

सासूबाई एका हिवाळ्यात आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्याच बुधवारी मी दिवा बांधताना पाहून म्हणाल्या, "अगं, दिवेलागणीला लक्ष्मी घरात यायची वेळ, आणि तू रानात निघालीस?"

"आई, तिथे सगळ्या परत आल्याची नोंद झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. शिट्टी आहे माझ्याकडे."

"ते झालं. पण इथे जेवायचं कुणी वाढायचं?"

आमचे हे म्हणाले, "आई, बुधवारी मी वाढतो." झाले. दोन-तीन बुधवार त्या गप्प होत्या. मग एकदा मी परत आले तर विचारतात, "किती सापडली आज?" मी म्हटले, "बारा." त्यावर म्हणाल्या, "सगळी?" पुढे त्यांनी तो प्रश्न कधी चुकवला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाच्या पोहण्याच्या वर्गाशेजारी माझा बुधवार लिहिलेला असे, त्याच आकाराच्या अक्षरांत. हे बारीक वाटेल, पण जे लिहिलेले नसते ते घरात कुणाच्याही सोयीने हलते.

स्वित्झर्लंडच्या सिमोन निगली-लुडर ह्या बाईंचे नाव इथे घेते. जागतिक स्पर्धेची तेवीस सुवर्णपदके त्यांनी मिळवली, त्यांतली काही तर तीन मुलांची आई झाल्यावर. त्यांची आणि माझी बरोबरी नाही, पायही तसे नाहीत. पण तिकडच्या बायका त्यांचे उदाहरण घरी द्यायला फार उपयोगी पडते असे हसत हसत सांगत.

आता २०१९ च्या जून महिन्याकडे वळते. फिनलंडमध्ये युकोला नावाची रात्रभर चालणारी सांघिक शर्यत १९४९ पासून होते. अलेक्सिस किवी ह्या लेखकाच्या 'सात भाऊ' ह्या १८७० च्या कादंबरीवरून तिचे नाव पडले, म्हणून संघात सात जण. त्या भावांनी जिला मागणी घातली ती शेजारची मुलगी वेन्ला. तिच्या नावाने १९७८ पासून स्त्रियांची शर्यत सुरू झाली, संघात चौघीजणी. त्या वर्षी ती कांगासाला गावी होती. क्लबाच्या शेवटच्या संघात एक जागा रिकामी होती. चौथ्या पाळीला अडुसष्ट वर्षांच्या एक आजी धावणार होत्या आणि ही आपली शेवटची वेन्ला असे त्यांनी जाहीर केले होते. बदलीची वेळ संपली, की उरलेल्या बायकांना एकदम सोडतात. आजींना तसे नको होते. त्यांना नकाशा हातात पडायला हवा होता तो धावत आलेल्या मैत्रिणीकडून. तिसरी पाळी माझी.

जानेवारीत हे ठरले तेव्हा माझे तीन तासांचे साडेतीनही झाले नाहीत. फक्त बुधवारी दलदलीतून जाण्याचा सराव अधिक केला आणि गाडीत फिनलंडचेच जुने नकाशे वाचले. मे महिन्यात ऑफिसात कामाचा डोंगर आला, तेव्हा दोन आठवडे जेवणाच्या सुटीतले धावणे सरळ सोडून दिले. झोप मात्र सोडली नाही. पहाटे चारला उठून धावणाऱ्या बायकांचे कौतुक होते, पण अपुऱ्या झोपेने नकाशा वाचता येत नाही हे माझे स्पष्ट मत आहे.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या पाळीला हजाराहून अधिक बायका एकाच क्षणी रानात शिरतात. ते दृश्य मी आषाढी वारीखेरीज कुठे पाहिले नाही. माझी पाळी येईतो रानात त्यांच्या पावलांनी वाटाच पडल्या होत्या. गंमत अशी, की सगळ्यांची ठाणी सारखी नसतात, जवळजवळ दोन-तीन ठेवून ती संघासंघांत वाटलेली असतात, म्हणून प्रत्येक ठाण्यावरचा आकडा तपासायचा. चौथ्या ठाण्याकडे जाताना एक रुंद ताजी पायवाट डावीकडे गेली होती आणि माझ्या पुढच्या पाच-सहाजणी तिने गेल्या. माझा नकाशा सांगत होता, दलदलीच्या उजव्या काठाने, सोंडेच्या टोकापर्यंत. मी एकटी उजवीकडे गेले. सोंड आली, खडक आला, निशाण आले, आकडा माझाच होता. त्या क्षणी रानात कुणी नव्हते. ठाण्यावर चिप टेकवली, तेवढेच.

आजी बदलीच्या जागी वाकून उभ्या होत्या. वेळ संपायला अकरा मिनिटे होती. त्यांनी नकाशा हिसकावूनच घेतला, "छान" वगैरे काही म्हणाल्या नाहीत, निघाल्या. आमचा संघ यादीत पार खाली होता. आजी दीड तासाने चिखलाने गुडघ्यापर्यंत माखून आल्या आणि आधी कॉफी मागितली.

तुम्ही विचाराल, इथे काय? आपल्या सर्वेक्षण खात्याचे एकास पन्नास हजारचे नकाशे दिशा समजायला चांगले, पण त्यांत समोच्च रेषा वीस मीटरला असते, खडक आणि खळगे दिसत नाहीत. शहरातल्या शर्यतींसाठी एकास चार हजारचा नकाशा वापरतात, एक सेंटिमीटरला चाळीस मीटर. तसा आपल्या परिसराचा एक मी आणि मुलाने मिळून पावलांनी मोजून काढला आहे. गणपतीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, गल्लीबोळ, कुंपणे, बंद फाटकेसुद्धा. ठाणी चौदा ठेवली आहेत. लोकलच्या डब्यात वाचायला प्रत घेऊन जा, बाहेर ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला देवळाच्या पायऱ्यांशी जमू. धावलेच पाहिजे असे नाही. होकायंत्रे माझ्याकडे तीन आहेत, ती आधी विचारतील त्यांना. साडेआठच्या आत घरी पोचाल.