देवळाचे दार, किल्ली आणि हिशेब



धर्मसंस्थांचे सार्वजनिक जीवनात स्थान काय, या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. देऊळ ही प्रतिगाम्यांची जागा, तिकडे पाठ फिरवावी, हे एक; हा जनतेच्या श्रद्धेचा प्रश्न, तेथे तोंड उघडू नये, हे दुसरे. दोहोंचा परिणाम एकच. देवस्थान, त्याचे उत्पन्न आणि त्याच्याभोवती जमणारा श्रमिक समाज मिरासदारांच्या हाती बिनबोभाट राहतो. केरळच्या जनतेने वेगळा मार्ग चोखाळला.

वायकोमचा सत्याग्रह ३० मार्च १९२४ रोजी सुरू झाला. मागणी मंदिरप्रवेशाचीही नव्हती. मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावे, एवढीच होती. सत्याग्रहींसाठी पंजाबातून आलेल्या अकालींनी तेथे लंगर उघडला. एका धर्माची सामुदायिक पंगत दुसऱ्या धर्मातील बहिष्कृतांच्या लढ्याला उपयोगी पडली, ही घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९२५ च्या अखेरीस तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा बंदच राहिला.

गुरुवायूरचा सत्याग्रह १ नोव्हेंबर १९३१ रोजी के. केळप्पन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. स्वयंसेवकांचे प्रमुख होते ए. के. गोपालन. ब्राह्मणांखेरीज कोणी वाजवू नये असा दंडक असलेली घंटा पी. कृष्ण पिळ्ळै यांनी वाजविली आणि मंदिराच्या रखवालदारांचा मार खाल्ला. हे दोघे पुढे केरळातील कम्युनिस्ट चळवळीचे अग्रणी झाले. १९३२ मध्ये केळप्पन यांच्या उपोषणानंतर, ज्यांना मंदिरप्रवेशाचा हक्क होता अशा पोन्नानी तालुक्यातील हिंदूंचेच मत अजमावण्यात आले. बहुमत सर्वांना प्रवेश देण्याच्या बाजूने पडले. तरीही विश्वस्त असलेल्या झामोरिन राजांनी दार उघडले नाही.

या कौलाचा अर्थ स्पष्ट आहे. एका बाजूला श्रद्धावान जनता होती, दुसऱ्या बाजूला श्रद्धेवर मालकी सांगणारे. संघर्ष या दोघांमधला होता. त्रावणकोरमध्ये १२ नोव्हेंबर १९३६ च्या फर्मानाने मंदिरे खुली झाली. गुरुवायूरला मात्र १९४७ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर पंढरपूरचे दार उघडले. किल्ली मात्र वंशपरंपरेच्याच हाती राहिली. बडवे-उत्पातांचे हक्क रद्द करणारा कायदा १९७३ मध्ये झाला आणि त्यावरील न्यायालयीन वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. केरळात २०१७ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाच्या मंदिरांत दलित पुजारी नेमले गेले. दारापासून गाभाऱ्यापर्यंतचे अंतर कापायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

राज्यघटनेच्या २५ व्या कलमात सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे, तो या लढ्यांचेच फलित होय. परंतु राज्याने धर्मसंस्थेत लोकशाही आणणे वेगळे आणि धर्मसंस्थेच्या नावाने राज्य मिळविणे वेगळे. पहिल्याने भक्ताचा हक्क वाढतो; दुसऱ्याने नागरिकाचा हक्क घटतो. धर्माच्या नावाने मते मागणे हा निवडणूक कायद्यान्वये भ्रष्टाचार ठरतो, याचा सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी पुनरुच्चार केला तो याचसाठी.

म्हणून कोणत्याही देवस्थानाला, मशिदीला, चर्चला किंवा जातिसंस्थेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. दार कोणासाठी उघडे आहे? किल्ली कोणाच्या हाती आहे? हिशेब कोणापुढे मांडला जातो? हे प्रश्न बाहेरून उपहासाने विचारल्यास भाविक दुरावतो आणि जातीयवाद्यांच्या आश्रयाला जातो. दिंडीत चालणाऱ्या शेतमजुराबरोबर, गुरुद्वाऱ्यात सेवा करणाऱ्या कामगाराबरोबर उभे राहून विचारल्यास तेच प्रश्न त्याच्या तोंडी येतात. गुरुवायूरच्या कौलाने हे सिद्ध केले आहे. जेथे कार्यकर्ता भाविकांत मिसळत नाही, तेथे ती जागा रिकामी राहत नाही. दुसरे कोणी तरी ती बळकावतेच.