खडक वितळतो तो कसा?



“पृथ्वीच्या पोटात उष्णता व दाब वाढला की खडक वितळतो,” असे वाक्य भूगोलाच्या तासाला सर्रास सांगितले जाते. त्यातील निम्माच भाग खरा आहे. उष्णता खडकास वितळवू पाहते. दाब बहुधा त्यास आवळून घनच ठेवतो. हा भेद स्पष्ट झाला नाही, तर हिमालयातील कित्येक शिखरांचा दगड कोठून आला हे मुलांस उमगणार नाही.

गोमुखाजवळचे ६,५४३ मीटर उंचीचे शिवलिंग शिखर घ्यावे. त्याचा फिकट ग्रॅनाइट ज्या खडकांतून पाझरला, ते मुळात अतिप्राचीन समुद्रातील गाळ होते. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियास भिडला आणि हे थर खोल दडपले गेले. ३० किलोमीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे ८,००० पट असतो. तेथे चिखलाचा, न वितळताच, अभ्रकयुक्त पट्टिताश्म झाला. यासच रूपांतरण म्हणतात.

अभ्रकाच्या घडणीत थोडे पाणी बांधलेले असते. पुढे हे खडक तापलेलेच वर सरकू लागले. दाब उतरला, आणि सातशे अंश सेल्सिअसच्या पुढील उष्णतेत पांढरे अभ्रक मोडले. त्यातून सुटलेल्या पाण्यामुळे शेजारची गारगोटी व फेल्डस्पार वितळू लागली. सगळा खडक मात्र वितळला नाही. लोणी कढविताना तूप सुटते व बेरी तळाशी राहते, तसे येथे झाले. (दृष्टान्त काटेकोर नव्हे, खडकात खनिजे एकमेकांशी संयोग पावून नवी खनिजेही बनतात.) काळे अभ्रक व गार्नेट बहुतांशी मागे राहिले. द्रव फटींतून साचत वर चढला आणि सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वी थिजून शिवलिंग व भागीरथी शिखरांचा ग्रॅनाइट झाला. जो निसटू शकला नाही, तो जागीच गोठला; बद्रीनाथच्या परिसरातील खडकांत काळ्यापांढऱ्या वळ्यांच्या रूपाने तो दिसतो.

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांभोवती काळा पाषाणच असतो. पूर्व विदर्भात व दक्षिण कोकणात मात्र पट्टिताश्म आढळतो. तेथील शिक्षकांनी त्याचा तुकडा वर्गात अवश्य आणावा. त्यातील प्रत्येक पांढरा पट्टा वितळण्याचाच, असे मात्र सांगू नये. पुष्कळ पट्टे, खडक घन असतानाच, दाबाखाली खनिजे निरनिराळी होऊन पडलेले असतात.