मोठे होण्याचा धडा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला उभे केले आणि विषय दिला तो मुलांच्या इंग्रजी वाचनाचा! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. म्हणजे माझी शिदोरी तीन वर्षांचीच. २००० सालापासून मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे आताची मुले तिसरी-चौथीतच अशी वाक्ये वाचतात की आपण हळूच स्वयंपाकघराची वाट धरतो. मग मूल म्हणते, "आई, तुला नाही कळायचं." हे वाक्य मला फार बोचते. आज ते इंग्रजीपुरते असते, उद्या सगळ्याच बाबतीत ऐकावे लागेल. म्हणून आज अशा एका धड्याबद्दल बोलते, ज्यातले आपल्याला पुस्तकापेक्षाही अधिक कळते.

माणूस लहानाचा मोठा कसा होतो, हा तो धडा. पाळण्यातले बाळ, शाळकरी मूल, तरुण माणूस, आजी-आजोबा अशी चित्रे मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत फिरून फिरून येतात. भगिनींनो, ही सगळी चित्रे आपल्या मांडीवरून आणि ओसरीवरून गेलेली आहेत!

माझी रीत साधी आहे. पुस्तक मिटून ठेवावे आणि आधी मराठीत बोलावे. बाळ कुशीवर वळते, पालथे पडते, बसते, रांगते, धरून उभे राहते, मग दुडदुडू लागते. हे मुलाला सांगावे, त्याच्या स्वतःच्या गमती सांगाव्यात. मग पुस्तक उघडावे. सिट, क्रॉल, स्टँड, वॉक हे शब्द आले की गोष्ट ओळखीची असते, नवा असतो तो फक्त शब्द. गल्लीत एखादे रांगते बाळ असतेच. त्याच्याकडे बोट दाखवले की क्रॉलचा अर्थ सांगावाच लागत नाही.

काही शब्द तर दोन्हीकडे सारखेच निघतात. आपले दुधाचे दात ते त्यांचे मिल्क टीथ, आपली अक्कलदाढ ती त्यांची विज्डम टूथ. सहाव्या वर्षाच्या सुमारास दात हलू लागतात, दुधाचे २० पडतात आणि अक्कलदाढा धरून ३२ होतात, एवढे आधी सांगितले की पुढचा दात पडलेले मूल तो मजकूर मोठ्या हौसेने वाचते. त्याच्याच तोंडातला धडा तो!

मुले अडखळतात ती 'मोठा' या शब्दाशी. आपला दादा वयाने मोठा, उंचीने मोठा, हत्तीही मोठाच. इंग्रजीत वयाला ओल्ड, उंचीला टॉल, आकाराला बिग. मूल सगळीकडे बिगच लावते. 'हाऊ ओल्ड आर यू' वाचून एक चिमुरडी म्हणाली, "मी काय म्हातारी आहे?" तिथे ओल्ड म्हणजे वय, हे उदाहरण देऊन सांगावे. उलट आपल्या 'वाढणे' या शब्दाची गंमत इंग्रजीच्या ग्रो शब्दात नाही. आई ताटात वाढते, म्हणून मूल अंगाने वाढते!

दुसरी अडचण काळाची. मुलगी म्हणते 'मी लहान होते', मुलगा म्हणतो 'होतो'. इंग्रजीत दोघांनाही 'आय वॉज'. यासाठी मुलाचे तान्हेपणीचे झबले किंवा जुना फोटो समोर ठेवावा. तेव्हा काय येत नव्हते आणि आता काय येते, याची दोन-दोन वाक्ये लिहून घ्यावीत. तेव्हाला कुड नॉट, आताला कॅन. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला उंचीची रेघ ओढली तर टॉलर हा शब्द भिंतीवरच वाचता येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही या अभ्यासात ओढावे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपेपर्यंत आपल्या या शहरात सरकारी शाळांतून उर्दूचे शिक्षण होते. आपले जुने लोक उर्दूत शिकले, आपण मराठीत शिकलो, मुले इंग्रजी वाचताहेत. परकी भाषा पाहून घाबरावे, असे हे गाव नव्हे. आजी लहानपणी काय खेळत असे ते मुलाने मराठीत विचारावे आणि तीन इंग्रजी वाक्यांत लिहावे.

आता थोडे नाजूक बोलते. पाचवी-सहावीच्या सुमारास मुलींचे अंग बदलू लागते. मुलगे साधारण दोन वर्षे मागून येतात, त्यांचा आवाज फुटतो. पुस्तकात तो मजकूर आला की आपण पान उलटतो. पण पान उलटले म्हणून वय थोडेच थांबते? आमच्या ओळखीतल्या एका मुलीने तो इंग्रजी मजकूर घडाघडा वाचला होता. 'पीरियड' म्हणजे तिला ठाऊक होता तो शाळेचा तास! प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा पोर दिवसभर कोपऱ्यात रडत बसली, आपल्याला काही आजार झाला म्हणून. वाचता येणे आणि कळणे यांत केवढे अंतर असते ते पाहा. तेव्हा 'पाळी' हा शब्द आईने आधी मराठीत, शांतपणे सांगावा. मग इंग्रजी मजकूर दोघींनी मिळून वाचावा. मुलग्यांनाही तो वाचू द्यावा, म्हणजे ते वर्गातल्या मुलींना हसणार नाहीत.

रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली, त्या अकरा वर्षांच्या असताना झाले. न्यायमूर्तींनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, पुढे इंग्रजीही शिकवले. त्या शिकण्याला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोध होता, ते रमाबाईंनी १९१० साली छापलेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शिकणाऱ्या मुलीच्या वाटेत घरातल्या बायका उभ्या राहिल्या, असा तो काळ. आज घरातली बाई शिकणाऱ्या मुलाशेजारी बसू शकते. उच्चार चुकला तर मूल सुधारील, त्यात कमीपणा कसला? शब्द त्याने आपल्याला शिकवावा, अर्थ आपण त्याला द्यावा.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आठवड्यातून एक दुपार आपल्या सभागृहात मुलांना आणि आयांना एकत्र बसवून वाचन करावे. सतरंजी आहे, पुस्तके मागून आणू, चहा मी करीन.